पेपर लिहायचाय, पण प्रश्न कुठंय?

यावेळचं सदर पूर्ण एकाच विषयाला दिलंय, कारण पत्रंच तशी आलीत. सेमिस्टरचा रिसर्च पेपर म्हणा, डिसर्टेशन म्हणा, प्रोजेक्टवरचा पेपर म्हणा, अडचणी बऱ्याचशा त्याच आहेत. सारखी पत्रं एकत्र केलीत आणि लांब होती ती थोडी आखूड केलीत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

ताई, माझा विषय "सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम" असा ठरलाय, गाइड पण हो म्हणाल्यात. दीड महिना झाला, ऐंशीएक पीडीएफ डाउनलोड करून ठेवल्यात, रोज एखादी उघडते, दोन पानं वाचते आणि बंद करते. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. सबमिशनला अडीच महिने उरलेत. — समाजशास्त्राची विद्यार्थिनी

अगं, तू लिहिण्यात अडकलेली नाहीस, त्याच्या एक पायरी आधी अडकलीयेस. तुझ्याकडे विषय आहे पण प्रश्न नाहीये. विषय एवढा मोठा आहे की त्यात काहीही बसतं, त्यामुळे कुठली पीडीएफ कामाची आणि कुठली नाही हे ठरवायला तुझ्याकडे काही मापच नाही, मग सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात आणि एकही धड वाचून होत नाही. हे आळसामुळे होत नाहीये, आणि अजून वाचून सुटणारही नाही.

तर आधी विषयाचे तुकडे कर. सोशल मीडिया म्हणजे नेमकं काय, छोटे व्हिडिओ बघत बसणं, मित्रमैत्रिणींशी चॅट, की स्वतः पोस्ट टाकणं? या तीन वेगळ्या सवयी आहेत. तरुण म्हणजे कोण? पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा आणि अठ्ठावीस वर्षांची नोकरदार बाई एकाच वाक्यात घातली तर हाती काही लागणार नाही. आणि परिणाम कशावर, झोपेवर, अभ्यासावर, स्वतःच्या दिसण्याबद्दल काय वाटतं त्यावर? प्रत्येक ठिकाणी एकच निवड, बाकीचं सोडून दे. सोडताना जीवावर येतं, पण सोडल्याशिवाय पेपर होत नाही. समज असं काहीतरी आलं: "पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं झोपायच्या आधीच्या तासाभरात छोटे व्हिडिओ किती वेळ बघतात आणि ती किती वाजता झोपतात, यात काही संबंध दिसतो का?" आता त्या ऐंशी पीडीएफ परत चाळ, पंधरावीस उरतील आणि काय मोजायचं, कुणाला विचारायचं हे पण आपोआप समोर येईल.

यात मी परिणाम न म्हणता संबंध म्हटलंय, ते मुद्दाम. एकदाच भरून घेतलेल्या सर्व्हेतून कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही, कारण झोप येत नाही म्हणून फोन हातात घेणारी मुलंही असतातच ना. परिणामच दाखवायचा असेल तर डिझाइन बदलावं लागेल, म्हणजे काही मुलांना ठरावीक दिवस झोपायच्या आधी फोन बाजूला ठेवायला सांगायचं, काहींना नेहमीसारखं वागू द्यायचं, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि मग दोन्ही गटांची झोप बघायची. अडीच महिन्यांत मी तरी संबंधावर थांबले असते.

प्रश्न बरा आहे की नाही हे बघायला एक गोष्ट करून बघ. उत्तर "नाही" आलं तर डेटामध्ये काय दिसेल, हे दोन वाक्यांत लिहायचा प्रयत्न कर. लिहिता आलं नाही तर प्रश्न अजून ढिलाच आहे. "सोशल मीडियाचा परिणाम होतो का" याचं उत्तर नाही असं येऊच शकत नाही, कुणावर काहीतरी परिणाम होतच असणार, म्हणून तो संशोधनाचा प्रश्न नाही.

मग एक पान लिही, एकच. प्रश्न काय, तो का विचारायचा, आधीच्यांनी काय शोधलंय आणि काय राहिलंय, मी कुणाकडून काय माहिती घेणार, तिचं पुढे काय करणार, आणि कुठे गडबड होऊ शकते. हे पान गाइडना दाखव आणि या पानाला होकार घे. त्यांनी आत्ता फक्त शीर्षकाला हो म्हटलंय, ते पुरेसं नाही.

वेळेचं गणित उलटं मांड, सबमिशनच्या तारखेपासून मागे. शेवटचा आठवडा संदर्भ, तक्ते, फॉरमॅट, यात काही नवीन घालायचं नाही. त्याच्या आधीचे दोन आठवडे गाइडना वाचायला आणि तुला दुरुस्तीला, कारण त्यांच्याकडे तू एकटी नाहीस. त्याच्या आधी दोनेक आठवडे सलग लिहिणं. म्हणजे डेटा पाचव्या आठवड्याच्या शेवटी हातात पाहिजे. हे कागदावर मांडलं की कळतं, अडीच महिने खरं तर पाच आठवडेच आहेत.

वाचलेलं लक्षात राहत नाही, एक पेपर वाचायला पूर्ण दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. आणि लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, किती पेपरचा असला म्हणजे पुरे? — एमएस्सीचा विद्यार्थी

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत जातोस, म्हणून दिवस जातो. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तीन फेऱ्यांची एक पद्धत मांडली होती, ती कुठल्याही शाखेत चालते. पहिल्या फेरीत पाचदहा मिनिटं, फक्त शीर्षक, गोषवारा, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष आणि संदर्भयादीवर नजर. बहुतेक पेपर इथेच बाजूला पडतात आणि पडायलाच पाहिजेत. दुसरी फेरी तासाभराची, आकृत्या आणि तक्ते नीट बघायचे, सिद्धता वगैरे सोडून द्यायच्या. तिसरी फेरी, म्हणजे अगदी आपणच हे काम करतोय असं समजून ओळ न ओळ तपासणं, ती फक्त त्या मोजक्या पेपरसाठी ज्यांच्यावर तुझं काम उभं आहे.

वाचताना एक्सेलमध्ये एक तक्ता ठेव. कुणी, कधी, प्रश्न काय, सॅम्पल कोण (म्हणजे कुणाचा अभ्यास केला), पद्धत काय, काय सापडलं, आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना: माझ्या प्रश्नाशी याचा काय संबंध. तो शेवटचा रकाना स्वतःच्या शब्दांत, पेपर बंद करून भरायचा. लक्षात राहण्याचा प्रश्न यानेच सुटतो, हायलाइटरने नाही, पिवळ्या केलेल्या ओळी परत कुणी वाचत नाही.

किती पेपर पुरे याचा आकडा नसतो. एक चांगला पेपर सापडला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जायचं आणि गूगल स्कॉलरवर "साइटेड बाय" दाबून पुढे जायचं, म्हणजे त्यानंतर तो कुणी कुणी वापरला ते दिसतं. नवीन उघडलेल्या पेपरमधली नावं बहुतेक तुझ्या तक्त्यात आधीच आहेत असं व्हायला लागलं की थांब. आणि रिव्ह्यू लिहिताना "अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं" अशी रांग नको रे. कोण कुणाशी सहमत आहे, कुठे वाद आहे, वाद पद्धतीमुळे आहे की सॅम्पलमुळे, असं मुद्द्यांवरून लिही.

अजून एक, पेपर मागे घेतला गेलाय का ते बघत जा. एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला १९९८ चा पेपर, अवघ्या १२ मुलांवरचा, २०१० मध्ये रद्द झाला, पण त्याचे उल्लेख जुन्या लेखांमध्ये तसेच आहेत, आणि मूळ पेपर न उघडता तिथून उचललं की तुझ्याही पेपरात येतील. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असशील तर ते असे पेपर स्वतःहून दाखवतं, फुकट आहे, आजच टाकून घे. संदर्भ शेवटी हाताने टाइप करायला बसलास तर तो आठवडा गेला समज.

गूगल फॉर्म बनवून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ११२ रिस्पॉन्स आले. विषय व्यायाम आणि परीक्षेचा ताण. मॅडम म्हणतात सॅम्पल चालणार नाही. अजून किती पाहिजेत? — मानसशास्त्राची विद्यार्थिनी

मला वाटतं मॅडम आकड्याबद्दल बोलत नसाव्यात. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी साधारण १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी सांगितलं की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाची यादी मोठ्या प्रमाणात टेलिफोन आणि मोटारमालकांच्या नोंदींवरून केलेली, म्हणजे मंदीच्या काळातले बरे परिस्थितीतले लोक, आणि त्यातही ज्यांना कळकळ होती त्यांनीच उत्तर पाठवलं. तेव्हा नुसत्या संख्येने काही होत नाही.

तुझ्या फॉर्मला कुणी उत्तर दिलं असेल? व्यायाम हा शब्द बघून ज्यांना त्यात रस आहे त्यांनी. जे परीक्षेच्या टेन्शनने फोनच बघत नव्हते ते त्यात नाहीतच. मग दोन रस्ते आहेत. एक तर आहे तो डेटा वापर, पण हे सॅम्पल सोयीने घेतलेलं आहे, याचा निष्कर्ष सगळ्या विद्यार्थ्यांना लावता येणार नाही असं पेपरमध्ये स्पष्ट लिही. विद्यार्थ्यांच्या पेपरला हे चालतं, लपवलेलं चालत नाही. किंवा वेळ असेल तर वर्गाच्या पटावरून नावं काढ, चिठ्ठ्या टाकून निवड, आणि त्याच लोकांच्या मागे लाग. ११२ ऐवजी ६० च आले तरी मला ते जास्त पटतील.

तुझा फॉर्म पण बघितला, पत्राबरोबर होता. "व्यायामामुळे फ्रेश वाटून तुमचा ताण कमी होतो का?" या प्रश्नात उत्तर आधीच दिलेलं आहे, शिवाय फ्रेश वाटणं आणि ताण कमी होणं या दोन गोष्टी एकत्र आल्यात. त्यापेक्षा "गेल्या ७ दिवसांत किती दिवस किमान ३० मिनिटं व्यायाम केला?" असं विचार, आकडा येईल. ताणासाठी स्वतः प्रश्न बनवू नकोस. पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल ही ताण मोजायची प्रश्नावली १९८३ पासून वापरात आहे, तिची १० प्रश्नांची आवृत्ती आहे, तपासलेली आहे, ती जशीच्या तशी घे. आणि कुठलाही फॉर्म ग्रुपवर टाकायच्या आधी चारपाच जणांना समोर बसवून भरायला लाव, कुठे अडखळतात ते बघ.

संमतीचा उल्लेख फॉर्ममध्ये कुठेच नाही, तो पहिल्याच पानावर हवा: हे कशासाठी आहे, नाव घेणार की नाही, मधेच सोडता येईल. मानसिक ताणाबद्दल विचारतेस तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते का तेही विचारून घे, आणि लागत असेल तर डेटा घ्यायच्या आधी. नंतर घेतलेल्या परवानगीला अर्थ नसतो.

प्रस्तावना लिहायला घेतो आणि दोन परिच्छेदांच्या पुढे जातच नाही, खोडतो, परत लिहितो. किती पानांचा असावा पेपर? — इंजिनीअरिंग, शेवटचं वर्ष

प्रस्तावनेपासून सुरू करतोयस तेच बदल. पेपर ज्या क्रमाने वाचला जातो त्या क्रमाने लिहायचा नसतो. प्रयोगाच्या किंवा सर्व्हेच्या पेपरला प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा हा साचा ठरलेला आहे, त्यातली पद्धत आधी लिही, कारण ती तू केलेलीच आहेस, फक्त आठवून मांडायची. कसोटी एवढीच की दुसऱ्या कुणाला ते वाचून तसंच काम परत करता आलं पाहिजे. मग तक्ते आणि आकृत्या ओळीने लाव, त्या नुसत्या बघून गोष्ट कळते का बघ, आणि प्रत्येकीखाली काय दिसतंय ते लिही, का दिसतंय ते नाही. "का" सगळं चर्चेत. ही दोन्ही एकमेकांत मिसळली की परीक्षक वैतागतात आणि मला त्यांचं पटतं. त्यानंतर प्रस्तावना लिही, आता ती लवकर होईल, कारण आपण कुठे पोचलोय हे माहितीये. गोषवारा सगळ्यात शेवटी, त्यात खरा आकडा आणि खरा निष्कर्ष पाहिजे, "या पेपरमध्ये चर्चा करण्यात आली आहे" एवढ्यावर कुणी पुढे वाचत नाही.

इतिहास किंवा साहित्याचा पेपर असेल तर हा साचा लागू नाही, तिथे सगळी मांडणी युक्तिवादाच्या क्रमाने जाते, पण तिथेही प्रस्तावना शेवटीच पक्की करावी.

पानं, तुझ्या विभागाचा नियम असेल ती. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा पेपर नेचर या विज्ञान जर्नलमध्ये एक पान आणि वर थोडासा, एवढाच होता, तेव्हा जागा भरायला लिहू नकोस.

चॅटजीपीटीकडून संदर्भ मागवले, बारा दिले, त्यातले पाच कुठेच सापडत नाहीत. लेखक मात्र खरे आहेत. आता काय करू? आणि एआय वापरणं म्हणजे चोरी का? — एमबीएची विद्यार्थिनी

ते पाच काढून टाक, आणि उरलेले सात पण उघडून वाच, कारण पेपर खरा असला तरी त्यात तुला सांगितलं तेच लिहिलंय याची खात्री नसते. ही मॉडेल संदर्भासारखी दिसणारी ओळ तयार करतात, लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष शोभेल असं, आणि पेपर अस्तित्वातच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच नसलेले खटले दाखल्यासाठी दिले आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक, म्हणजे त्या पेपरचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकून बघ, तोच पेपर उघडतो का. आणि नियम म्हणून धर, जे स्वतः उघडलं नाही ते यादीत टाकायचं नाही.

चोरी आहे का, हे वापर कसा केला त्यावर आहे. आधी तुझ्या संस्थेचा नियम वाच, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी सांगून वापरलं तर चालतं. नेचरने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं की असं मॉडेल लेखक होऊ शकत नाही आणि वापरलं असेल तर पेपरमध्ये नोंदवा, कारण लेखक म्हणजे जबाबदारी घेणारा माणूस. तुझ्या लिहिलेल्या परिच्छेदातली भाषा तपासून घेणं वेगळं आणि परिच्छेदच लिहून घेणं वेगळं. दुसऱ्यात नुकसान तुझंच आहे, लिहिता लिहिताच आपल्याला काय कळलेलं नाही ते कळतं, ते तू दुसऱ्याला देऊन टाकतेस.

तू सिमिलॅरिटीच्या टक्क्यांबद्दल पण विचारलंयस. ते टक्के देणारं, चोरी तपासायला वापरतात ते सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर मोजतं. संदर्भयादी आणि अवतरणं पण त्यात धरली जाऊ शकतात, आणि उलट एखाद्याची कल्पना शब्द फिरवून घेतली तर ते शून्य दाखवेल, तरी ती चोरीच. टक्के कमी करायला शब्द बदलत बसू नकोस.

मित्राने फक्त फॉर्म शेअर करायला मदत केली, त्याचं नाव लेखकांमध्ये टाकायचं का? तो नाराज होईल. — बीएस्सी

नाही. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या समितीने, आयसीएमजेईने, चार अटी घातल्यात आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पेपरची जबाबदारी. मित्राचे आभार मान, नावानिशी, मनापासून. पुढच्या वेळी कोण लेखक आणि कुणाचं नाव पहिलं हे काम सुरू करायच्या आधी बोलून घ्या, मेलवर.

सगळं व्यवस्थित केलं आणि हायपोथिसिस सिद्धच झालं नाही, पी व्हॅल्यू ०.३१ आली. रूममेट म्हणतो दोनचार आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळ्या नोंदी) काढून टाक किंवा हायपोथिसिसच बदल. वर्ष वाया गेलं असं वाटतंय. — एमएचा विद्यार्थी

अरे, वाया काही गेलेलं नाही, आणि रूममेटचं ऐकू नकोस. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ मध्ये ईथरमधून (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे ते माध्यम) पृथ्वीच्या जाण्याचा वेग मोजायचा प्रयत्न केला, अपेक्षेएवढा फरक दिसलाच नाही, त्यांनी ते तसंच छापलं, आणि तो प्रयोग आजही शिकवला जातो. प्रश्न चांगला असेल आणि पद्धत नीट असेल तर नकारार्थी उत्तरही उत्तरच असतं, म्हणून मी वर पहिल्या पत्रात "नाही" उत्तराची चाचणी सांगितली.

पी व्हॅल्यू म्हणजे, खरा संबंध नसताच तर निव्वळ योगायोगाने डेटात एवढा किंवा याहून मोठा संबंध दिसायची शक्यता. पण ती ०.३१ आली म्हणजे संबंध नाही असं सिद्ध झालं, असंही लिहू नकोस. एवढंच म्हणता येतं की या डेटात संबंध असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. सॅम्पल लहान असेल तर खरा संबंध असूनही तो दिसत नाही. म्हणून पी व्हॅल्यूबरोबर परिणामाचा आकार आणि ९५ टक्क्यांचा विश्वासांतर पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते) दे, तो पट्टा रुंद असेल तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की अजून मोठा अभ्यास लागेल. पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तरच निकाल धरायचा, ही रेषा काही निसर्गाने आखलेली नाही, रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि मग सवय पडली.

आउटलायर काढायला कारण लागतं, आणि ते निकाल बघायच्या आधीचं. कुणी झोपेचे तास २६ लिहिलेत तर ती नोंद काढ आणि काढली असं लिही. पण नको असलेला निकाल देतात म्हणून माणसं काढणं म्हणजे डेटा बनवणंच आहे. हायपोथिसिस नंतर बदलून ते आधीपासून होतं असं दाखवणं पण तेच. डेटात अनपेक्षित काही दिसलं असेल तर "हे आम्हाला नंतर दिसलं, पुढे तपासायला हवं" असं वेगळ्या परिच्छेदात खुशाल लिही. व्हायव्हामध्ये हेच विचारतील, आणि तू जसं झालं तसं सांगितलंस तर तुला अडचण येणार नाही.

एका इंटरनॅशनल जर्नलकडून मेल आला, तीन दिवसांत पेपर छापू, फी भरा. सीव्हीसाठी छापून घेऊ का? — पदव्युत्तर विद्यार्थी

नको. तीन दिवसांत कुणी तो पेपर वाचून परीक्षण करू शकत नाही, म्हणजे परीक्षण होणारच नाहीये. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं, चांगली ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारी, जर्नलही घेतात, म्हणून फीवरून ठरवू नकोस. संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का आणि त्यांच्या स्वतःच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का बघ, जर्नल डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलच्या यादीत आहे का बघ, त्यातले दोन जुने पेपर उघडून वाच आणि गाइडना विचार. थिंक, चेक, सबमिट ही प्रश्नांची यादी २०१५ पासून इंटरनेटवर फुकट आहे, तीही लावून बघ. तुझ्या संदर्भयादीत जी जर्नल परत परत आलीत त्यातलंच एखादं निवड, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना नीट वाचून पेपर पाठव, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत तोच पेपर दुसरीकडे पाठवू नकोस.